प्रतीक्षेचे ओझे

स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या स्त्रीच्या बोटांना जुन्या व्रणाशेजारी पुन्हा गाठ लागते, तेव्हाचे भय पहिल्याहून निराळे असते. पहिल्या वेळी ती अजाण होती. आता पुढची सारी वाट तिला ठाऊक असते.

तपासणीसाठी काढलेला तुकडा किमान ६ आणि फार तर ७२ तास फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. मग तो मेणात बसवून, पातळ काप घेऊन, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कर्करोग आढळल्यास संप्रेरकांचे ग्राहक व हर-टू प्रथिन यांचीही फेरतपासणी होते. कारण परतलेल्या रोगाचे गुणधर्म बदललेले असू शकतात आणि उपचार त्यावरच ठरतात. हा विलंब शास्त्राचा आहे. तो सोसलाच पाहिजे.

परंतु अहवाल तयार असूनही ‘उद्या या’ एवढेच उत्तर मिळावे, हा विलंब व्यवस्थेचा होय. १९४१ साली परळला टाटा रुग्णालय सुरू झाले, तेव्हापासून दूरदूरचे रुग्ण मुंबईला येत आहेत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने त्यांतील अनेकांना आसरा दिला. कोठल्याही शहरात उपचारांसाठी आलेल्या गरीब कुटुंबाला मुक्कामाचा एकेक दिवस बुडालेल्या मजुरीने मोजावा लागतो.

नातेवाइकांच्या कानात सांगून रुग्णाला अंधारात ठेवण्याची आपली रीत तर याहून क्रूर. छातीपुरता परतलेला रोग पुष्कळदा आटोक्यात येतो, हेही मग तिला कळत नाही. अहवाल केव्हा मिळेल व कोण सांगेल, एवढे तिला आधीच सांगण्यास पैसा लागत नाही, माणुसकी लागते.