दीड महिन्याची लस : बाळ रडेल, आपण घाबरायचे नाही

बाळ दीड महिन्याचे झाले की आशाताई लसीकरणाचा दिवस सांगून जातात. त्या दिवशी पोलिओ आणि रोटाव्हायरसची लस तोंडावाटे दिली जाते. पेन्टाव्हॅलंट, न्यूमोकोकल आणि पोलिओची लस सुईने. बाळ रडते, रात्री अंग तापते. मग घरात कुणीतरी म्हणते, "पोर चांगलं खेळत होतं, लशीनं आजारी पाडलं. आता पुढची नको." आम्हाला काळजी वाटते ती याच वाक्याची.

पेन्टाव्हॅलंट लस घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब जंतूमुळे होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर यांपासून बाळाला वाचवते. तिचे 3 डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिने पूर्ण झाल्यावर देतात. एका डोसाने पुरेसे संरक्षण मिळत नाही. डांग्या खोकल्यात तान्ह्या बाळाचा श्वास थांबू शकतो. दोन दिवसांच्या तापाला भिऊन डोस चुकवणे म्हणूनच महागात पडते.

जाण्यापूर्वी

माता-बाल संरक्षण कार्ड आठवणीने सोबत घ्यावे. मांडी आणि दंड चटकन उघडे करता येतील असे सैल कपडे घालावेत. बाळाला उपाशी नेऊ नये. साधी सर्दी किंवा किरकोळ खोकला असला तरी लस देता येते. मात्र जास्त ताप असेल, पूर्वी झटके आले असतील किंवा मागच्या डोसानंतर मोठा त्रास झाला असेल, तर नर्सताईंना आधी सांगावे. ताप येईल म्हणून घरूनच औषध पाजून नेऊ नये.

टोचताना

बाळाला टेबलावर एकटे झोपवण्यापेक्षा कुशीत धरावे. तोंडावाटेची लस देऊन झाली की अंगावर पाजायला घ्यावे आणि पाजता पाजताच सुई टोचू द्यावी. आईची ऊब, दूध आणि ओळखीचा आवाज यांनी दुखणे खरोखर कमी होते. हात-पाय अलगद धरावेत, दाबून ठेवू नयेत. आई घाबरली असेल तर वडिलांनी किंवा आजीने बाळ घ्यावे, टोचून झाल्यावर लगेच आईकडे द्यावे. शांत करायला मध किंवा गुटी चाटवू नये. एक वर्षाच्या आत मध धोक्याचा असतो.

घरी आल्यावर

लस दिल्यावर अर्धा तास केंद्रावरच थांबावे. पुढचे एक-दोन दिवस ताप, किरकिर, मांडीला सूज किंवा लाली येऊ शकते. शरीर रोगाशी लढायची तयारी करत असल्याची ही खूण आहे. ही दृष्ट नव्हे, त्यासाठी मीठ-मिरची ओवाळायची गरज नाही. स्वच्छ ओल्या फडक्याची थंड पट्टी मांडीवर ठेवावी. चोळू नये, शेकू नये. हळद, तेल, बर्फ लावू नये. वरचेवर अंगावर पाजावे आणि कपडे हलके ठेवावेत. पॅरासिटामॉल नर्सताई किंवा डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितले तेवढेच द्यावे. थेंबांचे आणि सिरपचे औषध सारख्या ताकदीचे नसते, म्हणून एकाचे माप दुसऱ्याला लावू नये.

जन्मानंतर डाव्या दंडावर दिलेल्या बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, थोडा पू होतो आणि वण राहतो. तो फोडू नये, त्यावर काही लावू नये.

केव्हा थांबू नये?

बाळ तीन तासांहून अधिक सतत रडत असेल, ताप खूप चढला असेल किंवा दोन दिवसांनंतरही उतरत नसेल, बाळ दूध ओढत नसेल, तर लगेच आरोग्य केंद्र गाठावे. झटके आले, बाळ लुळे पडले, अंगावर गांधी उठल्या, चेहरा सुजला किंवा श्वासाला त्रास झाला, तर एक क्षणही वाया घालवू नये.

केंद्रातून निघण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्याव्यात : आज कोणती लस दिली, ती कोणत्या आजारावर आहे, काय त्रास होऊ शकतो आणि पुढची तारीख कोणती. विचारणे हा आपला हक्क आहे. तारीख हुकलीच तर लाजू नये, कार्ड घेऊन जावे. राहिलेल्या डोसापासून पुढे सुरू करता येते, पहिल्यापासून पुन्हा सगळे घ्यावे लागत नाही.