एकास सत्त्याऐंशीचं पनवेल

पनवेल जंक्शन घरात आणायचं ठरवलं, तर जागा किती लागेल? जगभरातले हौशी लोक घरात मॉडेल रेल्वे उभारतात, तेव्हा बहुतेक जण एकास सत्त्याऐंशी हे माप धरतात. या मापाला एचओ म्हणतात. आजच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचा एलएचबी डबा साधारण २४ मीटर लांब असतो, तो या मापात २७.६ सेंटीमीटरचा होतो. असे बावीस डबे आणि पुढे एक इंजिन जोडलं, की गाडी सहा मीटरच्या पुढे जाते. पनवेलमधल्या बहुतेक फ्लॅटच्या हॉलमध्ये ती उभीसुद्धा राहणार नाही, मग धावणं दूरच. फलाट, यार्ड, दिव्याकडून येणारे रूळ, कर्जतकडे फुटणारा फाटा, बंदराकडे जाणारी मालगाडीची लाईन आणि लोकलचं टर्मिनस हे सगळं तर अजून मांडायचंच आहे.

आता दुसऱ्या टोकाने बघा. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत कोकण रेल्वे ७४१ किलोमीटर आहे. एचओच्या मापात ती साडेआठ किलोमीटर भरते. सगळे बोगदे, सगळे पूल, सगळी स्टेशनं धरून! हॅम्बुर्गमध्ये २००१ साली सुरू झालेल्या मिनिएचर वंडरलँडमध्ये याच मापाचे १५ किलोमीटरहून अधिक रूळ अंथरलेले आहेत. म्हणजे आपली अख्खी कोकण रेल्वे एका इमारतीत मावू शकते, पण पनवेलचं एक स्टेशन हॉलमध्ये मावत नाही. या दोन टोकांच्या मधे कुठेतरी मॉडेलकाराला आपली जागा शोधावी लागते. त्यात खरी गंमत अशी, की लांबी सत्त्याऐंशीने भागली तरी बाकीच्या गोष्टी त्या प्रमाणात लहान व्हायला तयार नसतात.

वळणाचंच बघा. कोकण रेल्वे वेगवान गाड्यांसाठी आखली गेली, त्यामुळे तिच्यावर १२५० मीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण ठेवलेलं नाही. त्याला सत्त्याऐंशीने भागलं तर १४ मीटरहून अधिक त्रिज्या येते. तेवढ्या वळणाने गाडी माघारी फिरवायची, तर खोलीऐवजी मंगल कार्यालय लागेल. घरगुती मॉडेलवर सर्रास वापरलं जाणारं वळण असतं अठरा इंच त्रिज्येचं, म्हणजे ४५.७ सेंटीमीटर. उलटा गुणाकार केला, तर खऱ्या जगात ते ४० मीटर त्रिज्येचं वळण होतं. असं वळण आपल्या ब्रॉडगेज मुख्य मार्गावर सापडणार नाही. पण पनवेलपासून जवळच, नेरळहून माथेरानला चढणाऱ्या छोट्या गाडीच्या वाटेवर याहूनही अवघड वळणं आहेत. पीरभॉय कुटुंबाने बांधलेली आणि १९०७ साली सुरू झालेली ही दोन फुटी लाईन काही जागी जेमतेम १८ मीटर त्रिज्येत वळते. एचओच्या मापात ते वळण २१ सेंटीमीटर त्रिज्येचं होतं आणि अभ्यासाच्या टेबलाच्या कोपऱ्यातही बसतं.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. टेबलावर मॉडेल मांडणारा माणूस नाव कोकण रेल्वेचं घेत असला, तरी भूमितीने तो माथेरानच्याच घाटात असतो. तिथल्या जुन्या वाफेच्या इंजिनांपुढेही हाच प्रश्न होता. जर्मनीच्या ऑरेन्स्टाइन अँड कॉपेल कंपनीने ती इंजिनं बनवली, तेव्हा टोकाच्या आसांना वळणावर थोडं बाजूला सरकता येईल अशी रचना केली होती. नाहीतर ताठ आसांवरची सहा चाकं अशा वळणात अडकून बसली असती. आज मॉडेल बनवणारे मधल्या आसाला बाजूला सरकायला थोडी मोकळीक ठेवतात, त्यामागेही हीच अडचण आणि हाच विचार आहे.

आपल्या ब्रॉडगेजमुळे आणखी एक पेच पडतो. एचओचे बाजारात मिळणारे रूळ एकमेकांपासून १६.५ मिलिमीटरवर असतात, कारण ते युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून काढलेले आहेत. आपलं गेज १६७६ मिलिमीटरचं, त्याला १९.३ मिलिमीटर हवेत. फरक तीन मिलिमीटरपेक्षा कमी, पण समोरून येणारं इंजिन बघा: रुंद अंगाखाली रूळ किंचित आत गेलेले दिसतात. यावर उपाय एकच, रूळ आणि सांधे स्वतःच्या हाताने बनवायचे आणि प्रत्येक गाडीची चाकं बदलायची. बहुतेक जण हे करत नाहीत आणि माझ्या मते ते बरोबरच करतात. तो वेळ खडीवर घालवला तर नजरेला जास्त मिळतं. रुळाची उंची मात्र छान जमून येते. आपला ६० किलोचा रूळ १७२ मिलिमीटर उंच असतो, मॉडेलमध्ये तो दोन मिलिमीटरचा हवा, आणि कोड ७५ व कोड ८३ या नावांनी मिळणारे रूळ त्याच्या अगदी आसपासचे असतात.

वजनाचा हिशोब तर थक्क करणारा आहे. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सत्त्याऐंशीने भागल्या, की घनफळ ८७ गुणिले ८७ गुणिले ८७, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटींनी कमी होतं. कोकणच्या गाड्यांना लागणारं डब्ल्यूएपी-७ इंजिन १२३ टनांचं आहे. त्याच हिशोबाने त्याचं मॉडेल १८७ ग्रॅमचं व्हायला हवं. एवढ्या हलक्या इंजिनाची चाकं चढावर डबे ओढताना जागच्या जागी घसरतात. म्हणून मॉडेलच्या पोटात धातूचं वजन भरतात, आणि ते खऱ्या प्रमाणापेक्षा जड असतं. चाकाच्या कडेचंही तसंच. खऱ्या मापाने ती कड एक तृतीयांश मिलिमीटर खोल हवी, पण तेवढ्याने डबा रुळावर टिकत नाही, म्हणून ती जवळपास दुप्पट ठेवावी लागते. दिसायला खरं आणि चालायला खरं या दोन गोष्टींत इथे चालण्याला मान द्यावा लागतो.

गाडी चालते कशी, हे पूर्वी सोपं होतं. दोन रुळांना बारा व्होल्टपर्यंतचा प्रवाह द्यायचा, एक रूळ धन, दुसरा ऋण, आणि चाकांतून तो मोटारीपर्यंत जायचा. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात शिंदे घराण्याची चांदीची छोटी रेल्वे आहे. ती जेवणाच्या लांब टेबलावरून पाहुण्यांपुढे मद्याच्या सुरया घेऊन फिरायची, आणि सुरई उचलली की गाडी थांबायची. पण दोन रुळांच्या या साध्या पद्धतीत मोठी अडचण आहे: एकाच रुळावर दोन इंजिनं उभी असतील, तर बटण फिरवताच दोन्ही निघतात. जर्मनीच्या बर्न्ड लेंझ यांच्या कामातून पुढे आलेल्या आणि १९९० च्या दशकात प्रमाण ठरलेल्या डीसीसी पद्धतीने ती सोडवली. तिच्यात रुळांवर वीज सतत असते, पण तिची दिशा सेकंदाला हजारो वेळा पालटते. एका दिशेचा ठोका सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकी ५८ भाग टिकला तर तो ‘एक’, आणि शंभर किंवा जास्त टिकला तर ‘शून्य’. या एक-शून्यांच्या ओळीत इंजिनाचा क्रमांक आणि त्याला दिलेला हुकूम असतो. प्रत्येक इंजिनात नखाएवढी चिप बसवलेली असते, ती सगळं ऐकते आणि आपला क्रमांक आला की तेवढंच पाळते. ज्या दोन धातूच्या पट्ट्यांतून वीज जाते, त्यांच्यातूनच निरोपही जातो. मी हे कितीही वेळा समजून घेतलं, तरी एकाच फलाटावरचं एक इंजिन निघून दुसरं स्तब्ध उभं राहिलं की मनात नवल दाटतंच.

आता खडी. हे काम जवळून बघण्यासारखं आहे. रुळांखालची खडी साधारण ५० मिलिमीटरची, म्हणजे मॉडेलमध्ये अर्ध्या मिलिमीटरहून थोडी मोठी. विकत मिळणारी पुष्कळशी परदेशी खडी फिकट राखाडी किंवा तपकिरी असते. पनवेलच्या आसपासचे डोंगर काळ्या पाषाणाचे, आणि रुळांखालची खडीही त्याच रंगाची. मग खडी फोडण्याच्या ठिकाणची भुकटी आणायची, धुवायची, वाळवायची आणि बारीक चाळणीने दोनदा चाळायची, एकदा मोठे कण काढायला आणि एकदा धूळ काढायला. यापुढची पायरी चुकवून चालत नाही. कागदावर भुकटी पसरून तिच्यावरून लोहचुंबक फिरवायचं. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये लोखंडाची चुंबकाला चिकटणारी खनिजं असतात. चुंबक उचललं की त्याला काळी लव फुटल्यासारखे कण लागलेले दिसतात. हे कण रुळांवर राहिले, तर इंजिनाच्या मोटारीतलं चुंबक ते ओढून घेतं आणि मोटार खराब होते. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात अडकलेलं लोखंड आज हॉलमधली गाडी बंद पाडू शकतं!

चाळलेली खडी कुंचल्याने स्लीपरांच्या मधे ढकलायची, एकही कण स्लीपरच्या माथ्यावर ठेवायचा नाही. मग चिकटवणं. पाण्यात कालवलेला फेव्हिकॉल सरळ ड्रॉपरने सोडला, तर थेंब कणांना आपल्यात ओढून घेतो, त्यांची गोळी होते आणि शेजारी खड्डा पडतो. कारण पाण्याचा पृष्ठताण लहान होत नाही. थेंब पनवेलात जेवढा, तेवढाच एकास सत्त्याऐंशीच्या पनवेलात. म्हणून आधी भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकलेलं पाणी दुरून फवारायचं. साबणाने तो ताण मोडतो, आणि मग सोडलेला गोंद कणांच्या फटींतून खाली झिरपत जातो. दिवसभराने बोट फिरवलं की खडी दगडासारखी घट्ट लागते.

याच कारणाने पनवेलच्या गाढी नदीत खरं पाणी घालता येत नाही. खऱ्या पाण्याच्या काठाला ताणाने आलेली वाटोळी कड दिसते आणि नदी लगेच खोटी ठरते. तळाला गढूळ हिरवा-तपकिरी रंग देऊन त्यावर पारदर्शक रेझिनचे पातळ थर ओतले, की नदी वाहायला लागते. आणि कर्नाळा? त्या अंगठ्यासारख्या सुळक्याशिवाय पनवेलचं क्षितिज पुरं होत नाही. किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे ४४० मीटर उंच, म्हणजे मॉडेलमध्ये पाच मीटर. छत फोडावं लागेल. म्हणून तो मागच्या भिंतीवर रंगवायचा, फिका आणि थोडा निळसर. रंग फिका ठेवण्याचं तत्त्व गाड्यांनाही लागू आहे. मीटरभर अंतरावरून बघितलेलं मॉडेल म्हणजे ८७ मीटरवरून बघितलेली गाडी, आणि तेवढ्या अंतरातली हवा रंग मवाळ करते. शुद्ध काळ्यात थोडा राखाडी मिसळला, तरच डोळा फसतो.

इथल्या हवेने आणखी एक गोष्ट सांभाळायला लावली आहे. तीन मीटर रूळ उन्हाळ्यात पंधरा अंशांनी तापला, तर पाऊण मिलिमीटरने वाढतो, आणि रुळांच्या जोडांत फट ठेवली की तेवढं भागतं. खरा त्रास पावसाळ्यातल्या दमटपणाचा. प्लायवूड पाणी पितं आणि फुगतं, आणि त्यावर खिळलेले रूळ वाकडे होतात. म्हणून रूळ टाकण्याआधी प्लायच्या दोन्ही बाजू आणि चारही कडा व्हार्निशने बंद करायच्या. कडा विसरल्या तर बाकीचं व्यर्थ जातं.

सगळ्यात अवघड निर्णय काळाचा असतो. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि त्याच वर्षी हार्बरची लोकल पनवेलला पोचली. त्या वर्षीचं पनवेल करायचं तर कोकणच्या गाड्यांना डिझेल इंजिन हवं आणि एलएचबी डबे चालणार नाहीत. कोकण मार्गाचं विद्युतीकरण २०२२ साली पुरं झालं, म्हणजे आजचं पनवेल करायचं तर साडेपाच मीटर उंचीची तार मॉडेलमध्ये सहा सेंटीमीटरवर ताणायला हवी. दोन्ही काळ एका टेबलावर मिसळले, की जाणकाराला लगेच खटकतं. योगायोग असा, की १९९८ च्याच १ एप्रिलला पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांच्या ध्यासातून मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय उघडलं. कुठल्याही एका खऱ्या गावाची नक्कल न करता तिथे मनातलं शहर उभं केलं आहे, आणि दिवे मालवून त्यात रात्र केली की मोठी माणसंही पुढे सरकतात. मॉडेलचा छंद लागलेल्या माणसाने पनवेलहून पुण्याला जाऊन ते एकदा बघावं.

वेळ मात्र कोणत्याही मापाने लहान होत नाही. ताशी ११० किलोमीटरची गाडी एचओमध्ये सेकंदाला ३५ सेंटीमीटर जाते, म्हणजे हॉलच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला दहा-बारा सेकंदांत. पनवेल सुटलं की रोहा येऊन ठेपलं! म्हणून मॉडेलकार जलद घड्याळ लावतात, ज्याच्या काट्यावर दहा मिनिटांत एक तास सरतो, आणि वेळापत्रक त्यावर चालवतात.

ज्याच्याकडे टेबलभरही जागा नाही, त्याने यार्डापासून सुरुवात करावी. इंगलनुक नावाची एक मांडणी अॅलन राइट या इंग्लिश मॉडेलकाराने बसवली. दोन सांधे आणि तीन सायडिंग, एकात पाच डबे मावतात, बाकीच्या दोनांत तीन-तीन. मागच्या बाजूला इंजिन आणि तीन डबे उभे राहतील एवढाच रूळ. जुने चार चाकी मालडबे घेतले, तर हे सगळं साधारण दीड मीटरच्या फळीवर बसतं. आठ डब्यांच्या आठ चिठ्ठ्या करायच्या, पाच उचलायच्या, आणि त्याच क्रमाने पाच डब्यांची गाडी लावायची. आठांतून पाच डबे क्रमाने निवडले तर ६७२० वेगवेगळ्या गाड्या होतात. मागचा रूळ थोडा लांब केला की कोडं मोडतं, कारण सगळी अडचण त्या तीन डब्यांच्या मर्यादेत आहे. नेमका हवा तो डबा तिसऱ्या सायडिंगच्या तळाशी सापडतो, मग आधीचे दोन ओढून दुसरीकडे ठेवावे लागतात, सांधा पालटावा लागतो, आणि कधी लावून झालेली अर्धी गाडी परत मोडावी लागते. पाचवा डबा जागेवर बसला की चिठ्ठ्या पुन्हा मिसळायच्या.