उतारवयातील औषधांची फेरतपासणी

वयानुसार मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता घटते. त्यामुळे औषध शरीरात रेंगाळते आणि नेहमीचा डोसही जड जातो. रोज ५ किंवा अधिक औषधे घेणाऱ्या ज्येष्ठांना हा धोका जास्त असतो.

दुष्परिणामालाच नवा आजार समजले, की गोळ्यांची साखळी तयार होते. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येऊ शकते. त्यावर लघवी वाढवणारी गोळी सुरू होते. तिच्यामुळे चक्कर येऊन तोल जाऊ शकतो.

फेरतपासणीला जाताना घरातील सर्व औषधे पिशवीत घालून न्यावीत; काढे, डोळ्यांचे थेंब, दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही. डॉक्टर प्रत्येक औषधाचे कारण, आजची गरज आणि डोस पडताळतात. दोन वेगळ्या नावांनी एकच औषध दोनदा घेतले जात असल्याचेही तेव्हाच लक्षात येते. अमेरिकेत मार्क बीअर्स यांनी १९९१ साली मांडलेली, ज्येष्ठांनी शक्यतो टाळायच्या औषधांची यादी यासाठी उपयोगी पडते; चिंता कमी करण्यासाठी दिले जाणारे डायझेपाम त्यातलेच.

मात्र कोणतीही गोळी स्वतःहून सोडू नये. हृदयाचे ठोके मंदावणारी बीटा-ब्लॉकर गटातील औषधे अचानक थांबवल्यास हृदयविकार बळावू शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, एका वेळी एकच औषध कमी करणे सुरक्षित ठरते.