सामुदायिक स्वयंपाकाचे गणित आणि स्वगतीने अध्ययन

आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यास सामुदायिक भोजनव्यवस्थेसाठी लागणारे गणित बव्हंशी शालेयच असते. तरीही प्रौढ विद्यार्थी त्यात अडखळतात. या अडचणीचे मूळ अंकांइतकेच शब्दांत आहे.

रुग्णालयातील १०० जणांस प्रत्येकी १२० ग्रॅम निवडलेली भाजी द्यावयाची आहे आणि निवडण्यात २० टक्के वाया जाते, असे समजू. बाजारातून किती आणावी? लागणारी भाजी १२ किलो. तीत २० टक्के मिळवून विद्यार्थी १४.४ किलो मागवितो. परंतु वाया जाणारे २० टक्के हे आणलेल्या मालाचे, उरलेल्याचे नव्हेत. १४.४ किलोंतून हाती येतात ११.५२ किलो, आणि चार रुग्णांच्या ताटात भाजी पडत नाही. उतारा ८० टक्के, म्हणून १२ ला ०.८० ने भागावयास हवे. उत्तर १५ किलो. ‘वीस टक्के’ म्हणताना ‘कशाचे’ ही षष्ठी अध्याहृत राहते, आणि नेमकी तीच चुकते.

फळ्यावर हे उदाहरण एकदा सोडवून दाखविले की वर्ग पुढे सरकतो. न समजलेला विद्यार्थी मागेच राहतो. स्वगतीने अध्ययनाचा विचार येथे उपयोगी पडतो. बी. एफ. स्किनर यांनी १९५४ व १९५८ मधील लेखांत लहान पायऱ्या आणि उत्तराचा तत्काळ पडताळा यांवर भर दिला. नॉर्मन क्राउडर यांच्या शाखायुक्त पाठात मात्र प्रत्येक चुकीचे उत्तर वाचकास वेगळ्या पृष्ठावर नेते. प्रस्तुत गणितास हीच रीत अधिक मानवते, कारण १४.४ लिहिणाऱ्याने टक्क्याचा आधार चुकविलेला असतो, तर १२ ला ०.८० ने गुणून ९.६ लिहिणाऱ्याने क्रियाच उलटी केलेली असते. दोघांस एकच खुलासा पुरत नाही.

फ्रेड केलर यांची योजना १९६४ मध्ये ब्राझिलिया विद्यापीठात अमलात आली. तिचे विवेचन त्यांनी १९६८ मध्ये केले. एक घटक पक्का झाल्यावाचून पुढचा मिळत नाही. नापास झाल्यास दंड नाही, पुन्हा परीक्षा देता येते. ती तपासतो आधी तो अभ्यासक्रम पुरा केलेला विद्यार्थी. चालढकल हा या योजनेचा प्रसिद्ध दोष, आणि तो क्षुल्लक नाही. म्हणून घटकांस मुदती घालाव्या लागतात.

येथे शिकविण्याचा मुख्य भार लिखित मजकुरावर असल्याने प्रश्नाची वाक्यरचनाही पारखून घेतली पाहिजे. उताऱ्याच्या घटकात आरंभीचे काही प्रश्न आकडेमोडीविनाच असावेत: वाक्य द्यावे आणि ‘टक्के कशाचे?’ एवढेच विचारावे.