सिकलसेल टेस्ट ‘पॉझिटिव्ह’ आली, म्हणजे नेमकं काय?

कोडमधलं एक अक्षर चुकलं की अख्खं ॲप बंद पडतं, हे मी रोज बघतो. सिकलसेलमध्येही हिमोग्लोबिनच्या जीनमधलं एकच अक्षर बदललेलं असतं. त्यातून तयार होतं ‘हिमोग्लोबिन एस’. ते जास्त असलं आणि ऑक्सिजन कमी पडला, की लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात.

विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार बराच आढळतो. शिबिरात आधी सोल्युबिलिटी टेस्ट होते. नळीतल्या केमिकलमध्ये थोडं रक्त मिसळतात आणि नळीमागे काळ्या रेघा धरतात. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह.

पण ही टेस्ट फक्त ‘एस आहे की नाही’ एवढंच सांगते. तुम्ही वाहक आहात की रुग्ण, हे कळायला एचपीएलसी लागते. हे मशीन हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून प्रत्येकाचे टक्के देतं. वाहकात नेहमीचं ‘ए’ जास्त आणि ‘एस’ साधारण ३५ ते ४० टक्के असतं. दोन्ही जीन ‘एस’ असलेल्या रुग्णात ‘ए’ जवळपास नसतंच. अलीकडे रक्त चढवलं असेल तर लॅबला आधी सांगा, नाहीतर आकडे फसवतात.

वाहकाला सहसा त्रास होत नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून चिठ्ठीवर नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं असेल, तर घाबरू नका आणि तिथेच थांबूही नका. एचपीएलसी करून घ्या.