क्रॉसबोवरचे ओरखडे कसे वाचावेत

नवा क्रॉसबो फार दिवस नवा दिसत नाही. काळ्या पन्हळीवर चंदेरी रेघ उमटते, दस्त्याचा रंग हाताच्या घामाने उतरतो, आणि पाय अडकवायची रिकीब जमिनीवर टेकून टेकून खालून घासली जाते. पालक भेटीला आले की विचारतात, "इतक्यात एवढा जुना कसा झाला?" कॅडेटची काळजी वेगळी असते. तपासणीत ओरखडा दिसला तर बोलणी बसतील, म्हणून काही जण त्यावर काळा मार्कर फिरवतात. माझ्या मते ओरखड्यापेक्षा तो मार्कर जास्त धोक्याचा आहे. खाली नुसता रंग गेला आहे की तडा गेला आहे, हे मग कोणालाच दिसत नाही.

पन्हळीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त खुणा तिथेच पडतात. बाण ज्या लांब खोबणीत ठेवतात ती पन्हळ, आणि प्रत्येक नेमाबरोबर दोरी तिच्या दोन्ही काठांवरून घासत पुढे जाते. आजच्या बहुतेक क्रॉसबोंची पन्हळ अॅल्युमिनियमची असते. या धातूवर विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा पातळ पण कठीण थर चढवतात आणि काळा रंग त्या थराच्या सूक्ष्म छिद्रांत भरलेला असतो. दोरीच्या वाटेवरचा रंग उतरून खालचा धातू चमकू लागला तर घाबरू नका. ती नेहमीची झीज आहे. दोन्ही काठांवर रेघ सारखी असेल तर उलट चांगली खूण समजा.

एकच काठ जास्त घासलेला दिसला तर मात्र थांबा. बहुधा दोरी ओढताना एक हात पुढे, एक मागे राहतो आहे. दोरी मध्यापासून थोडी जरी सरकून खटक्यात बसली तरी एका भुजेवर ताण जास्त येतो आणि बाण दर वेळी एकाच बाजूला जातो. (धनुष्याच्या दोन बाजूंना इंग्रजीत लिंब म्हणतात, मराठी मुलाला त्यावरून आधी सरबत आठवते, म्हणून इथे भुजाच म्हणू.) उपाय सोपा आहे. क्रॉसबो न ओढलेल्या स्थितीत असताना पन्हळीच्या दोन्ही काठांना लागून दोरीवर शाईचा एकेक ठिपका द्या. दोरी ओढल्यावर दोन्ही ठिपके काठांपासून सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत. दोन्ही बाजूंना सारखी ओढणारी हुकांची दोरी वापरली तर हा दोष बराच कमी होतो.

पन्हळीवरचा दुसरा वाईट ओरखडा म्हणजे आडवा, धार उठलेला. क्रॉसबो दगडावर पडला किंवा एखाद्या हत्यारावर आपटला की असा पडतो. तो थर ज्या पदार्थाचा असतो, तोच अॅल्युमिनियम ऑक्साइड घासकागदावरही लावतात. आता विचार करा, तुटलेली कड दोरीचे काय करील. बोटाने तपासू नका, कापूस वापरा. कापसाचा बोळा काठावरून हलकेच फिरवा. एखादा धागा अडकून राहिला तर तिथे धार आहे. क्रॉसबो बाजूला ठेवून शस्त्र सांभाळणाऱ्यांना सांगा. स्वतः कानस लावायला जाऊ नका.

दोरीची झीज तर व्हायचीच असते. मधल्या भागावर, पन्हळ आणि खटका जिथे लागतात तिथे, वेगळ्या धाग्याची घट्ट गुंडाळी असते. आतली मूळ दोरी वाचावी म्हणून ती झिजण्यासाठीच दिलेली असते. ती थोडी केसाळ झाली तर मेण लावून काम चालते, मात्र मेण दोरीच्या उघड्या भागाला आणि गुंडाळीला कुठे, किती लावायचे हे उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणेच. गुंडाळी सरकून आतले धागे दिसू लागले किंवा आतला एक जरी धागा तुटलेला दिसला, तर त्या दोरीने आणखी एकही नेम नको. मैदानात "शेवटचे दोनच बाण" हे वाक्य मी बरेचदा ऐकतो. दोरी तुटते ती पूर्ण ताणात. 150 पौंडांचा क्रॉसबो म्हणजे सुमारे 68 किलोचा ताण, आणि तुटल्यावर तो सगळा भुजांवर उलटतो. बाण न लावता खटका सोडण्यात हाच धोका असतो. बाणाला मिळायची ऊर्जा भुजांत आणि दोरीतच फिरते, आणि वरून काहीही दिसत नसताना आत तडा जातो.

ओल हा दोरीचा जुना शत्रू. 26 ऑगस्ट 1346 रोजी फ्रान्समध्ये क्रेसीच्या लढाईत जिनोआच्या भाडोत्री क्रॉसबोधाऱ्यांच्या दोऱ्या पावसाने भिजून निकामी झाल्या, असे त्या काळच्या इतिवृत्तात आढळते. पराभवाला त्यांच्या मोठ्या ढाली मागे राहिल्या हेही कारण होते आणि दोऱ्यांचा वाटा किती यावर इतिहासकार वाद घालतात. आजचे कृत्रिम धागे तागासारखे पाणी पीत नाहीत, तरी बेळगावच्या पावसाळ्यात पाणी धाग्यांच्या मधे शिरतेच. अजमेर-धोलपूरकडे त्रास धुळीचा. तिथे खटक्यात जास्त तेल घातले की धूळ त्यात कालवली जाते आणि घासणारे मलम तयार होते. तुमच्या .22 रायफलच्या बोल्टबाबत हे तुम्हाला ठाऊकच आहे.

खटक्याची झीज जुन्या कारागिरांनाही सतावत होती. मध्ययुगीन युरोपातल्या क्रॉसबोत दोरी अडकवणारी फिरती गिरकी बहुधा हरणाच्या शिंगाची असे, आणि ट्रिगरची पट्टी जिथे टेकते तिथे पोलादाचा तुकडा बसवत. जिथे झीज होणार तिथे कठीण वस्तू, बाकी हलके. आजचा खटका मात्र उघडून पाहण्याची वस्तू नाही. तो नीट अडकत नसेल किंवा सेफ्टी सैल वाटत असेल, तर पुढचे काम शस्त्रदुरुस्ती जाणणाऱ्याचे.

आता भुजा. इथे ओरखड्याची दिशा महत्त्वाची. भुजांमधले काचतंतू लांबीच्या दिशेने असतात. त्याच दिशेने गेलेला बारीक ओरखडा सहसा वरच्या रंगाचाच असतो. आडवा ओरखडा तंतू कापतो. ताणलेल्या स्थितीत लक्ष्याकडची बाजू ओढली जाते आणि नेमबाजाकडची दाबली जाते. त्यामुळे पुढच्या बाजूला उचललेली कुसळे शोधा, मागच्या बाजूला आडव्या बारीक सुरकुत्या. दोन्हीपैकी काहीही दिसले तर क्रॉसबो बंद. कापसाची परीक्षा इथेही चालते, अर्थात दोरी ओढलेली नसताना. आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत क्रॉसबो ठेवू नका. भुजांचे थर धरून ठेवणारी राळ उष्णतेने कमजोर होते. सुट्टीत मुलाला घ्यायला येणाऱ्या पालकांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

बाणांकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते. कार्बनचा बाण प्रत्येक वेळी लक्ष्यातून काढल्यावर हलका वाकवून, फिरवत, पुन्हा वाकवून पाहावा. करकर ऐकू आली किंवा कुसळ दिसले तर तो मोडून टाका, नुसता बाजूला ठेवलात तर दुसरा कोणीतरी तो उचलून लावतो. मागची खाच चिरलेली असेल तर दोरी तिच्यावरून निसटू शकते, आणि मग तो नेम बाणाशिवाय सोडल्यासारखाच होतो.

हे सगळे लक्षात ठेवण्यापेक्षा लिहिणे बरे. कोतीतल्या नोंदवहीत प्रत्येक क्रॉसबोसाठी एक पान ठेवा: तारीख, किती बाण सोडले, दोरी कधी बदलली, आणि नवा ओरखडा कुठे, उभा की आडवा. महिन्यातून एकदा त्याच कोनातून, त्याच उजेडात फोटो घ्या. दोन महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले की कोणती रेघ तशीच आहे आणि कोणती वाढते आहे, ते लगेच कळते.