गर्भपातासाठी जायचं कुठे?

पाळी चुकली, घरच्या तपासणीत दोन रेघा उमटल्या आणि हे मूल आत्ता नको, असं आपलं ठरलं. अशा वेळी बहुतेक घरांतून पहिली चक्कर होते ती औषधाच्या दुकानात. मग कुणाच्या तरी ओळखीच्या नर्सकडे, आणि सगळं हाताबाहेर गेलं की रुग्णालयात. हा क्रम उलटा असायला हवा. कारण आठवडे वाढले की उपचाराची पद्धत बदलते, कायद्याच्या अटी वाढतात आणि जाण्याजोगी ठिकाणंही कमी होतात.

म्हणून आधी दिवस मोजावेत. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचं, संबंध आला त्या दिवसापासून नव्हे. पुष्कळ जणींचा हिशेब इथेच साधारण दोन आठवड्यांनी चुकतो. समजा पाळी 1 जूनला आली होती आणि आज 13 जुलै आहे, तर सहा आठवडे पूर्ण झाले. डॉक्टर हाच आकडा धरतात.

गर्भपाताचा कायदा आपल्याकडे 1971 पासून आहे. 2021 मध्ये त्यात सुधारणा झाली. 20 आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरचं मत पुरतं. बाईच्या जिवाला किंवा शारीरिक, मानसिक आरोग्याला गंभीर धोका असेल, किंवा गर्भात गंभीर दोष असेल, तर गर्भपात करता येतो. गर्भनिरोधक साधन फसलं, हेही कारण मानसिक आरोग्याच्या अंगाने ग्राह्य धरलं जातं, आणि सुधारणेनंतर त्यासाठी लग्न झालेलं असण्याची अट नाही.

आता ठिकाण. सरकारी रुग्णालयाला यासाठी वेगळी मान्यता लागत नाही. तालुक्याचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, जिल्ह्याचं सिव्हिल, पुण्यात ससून, मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे अशा ठिकाणी स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीत केसपेपर काढावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात मात्र प्रशिक्षित डॉक्टर असेलच असं नाही. तिथे जाण्याआधी आशाताईंकडे चौकशी केली, तर एक खेप वाचते. गावात बोभाटा होईल अशी भीती असेल, तर दुसऱ्या तालुक्यात जायला कायद्याची आडकाठी नाही.

खासगी दवाखान्यात आत शिरल्यावर भिंत पाहावी. गर्भपात केंद्र म्हणून जिल्हा समितीने दिलेलं मान्यतेचं प्रमाणपत्र सहज दिसेल असं लावणं बंधनकारक आहे. दिसलं नाही तर विचारावं, आणि ते किती आठवड्यांपर्यंतचं आहे तेही पाहावं. डॉक्टर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा या कामाचं प्रशिक्षण घेतलेले एमबीबीएस हवेत. आयुर्वेद किंवा होमिओपॅथीच्या डॉक्टरांना कायद्याने गर्भपात करता येत नाही, मग ते कितीही जवळचे असोत.

सगळ्यात जास्त अडवणूक होते ती सहीवरून. ‘नवऱ्याला घेऊन या’, ‘आईवडिलांना बोलवा’ असं खिडकीवरच सांगितलं जातं आणि बाई तशीच परत फिरते. हे चूक आहे. वय 18 पूर्ण असेल, तर संमतीच्या फॉर्मवर फक्त तिचीच सही लागते. शांतपणे म्हणावं, ‘फॉर्म सी द्या, सही मी करते.’ मुलगी 18 च्या आतली असेल, तर पालकाची लेखी संमती लागते आणि मुलांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. पण मुलीने आणि पालकाने विनंती केली, तर त्या माहितीत तिचं नाव, ओळख देण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. आपली नोंद गुप्त राहते. नाव फोडणाऱ्या डॉक्टरला शिक्षा होऊ शकते.

नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात होतो. आधी मिफेप्रिस्टोन, मग 24 ते 48 तासांनी मिसोप्रोस्टॉल. चिठ्ठीशिवाय दुकानातून गोळ्या आणण्यात मोठा धोका हा, की गर्भ पिशवीबाहेर, म्हणजे नळीत वाढत असेल तर या गोळ्या काम करत नाहीत, आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. रक्त फार कमी असेल तर रक्तस्राव झेपत नाही. म्हणून तपासणी आधी, गोळ्या नंतर. सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील, ताप चढला असेल किंवा चक्कर येत असेल, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करावा.

12 आठवड्यांपर्यंत निर्वात पद्धतही असते: बारीक नळीने पिशवीतलं ओढून घेतात. काही मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. ‘क्युरेटिंग’ म्हणजे खरवडून पिशवी साफ करण्याची पद्धत जुनी आहे; जागतिक आरोग्य संघटना तिच्याऐवजी निर्वात पद्धत सुचवते. कोणती करणार, हे आपण आधीच विचारावं.

20 ते 24 आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि ही मुभा ठरावीक स्त्रियांनाच आहे: बलात्कारपीडित, अल्पवयीन, अपंग, गरोदरपणात विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, अशा. 2022 च्या त्याच निकालाने अविवाहित स्त्रियांनाही यात धरलं. 24 च्या पुढे गर्भात गंभीर दोष असेल, तर प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे जातं. त्याने तीन दिवसांत मत द्यायचं असतं. सोनोग्राफीत दोष दिसला की ‘आणखी एक मत’ घेण्यात पंधरवडा घालवू नये. बाईचा जीव तातडीने वाचवायचा असेल, तर आठवड्यांची मर्यादाच नाही.

एक गोंधळ महाराष्ट्रात फार दिसतो. लिंगनिदानाला बंदी आहे म्हणजे गर्भपातालाच बंदी आहे, असं लोक समजतात. बंदी गर्भाचं लिंग तपासायला आणि सांगायला आहे; तो 1994 चा वेगळा कायदा.

गोळ्या घेतल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला जाणं पुष्कळ जणी टाळतात. गर्भपात पूर्ण झाला का, हे तिथेच कळतं. घरची चाचणी त्यानंतरही काही आठवडे दोन रेघा दाखवू शकते, त्यावरून घाबरून पुन्हा गोळ्या घेऊ नयेत. आणि पुढची पाळी येण्याआधीच पुन्हा दिवस जाऊ शकतात, म्हणून तांबी किंवा गर्भनिरोधक गोळ्यांचं त्याच भेटीत विचारून घ्यावं.